दोन एक्क्यांवर ऑक्टोबर निघेल का?

बेसबॉलबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे : "आमचा संघ नव्वदच्या आसपास सामने जिंकून वाइल्ड कार्डमधून प्लेऑफला पोचेल असं दिसतंय. पहिले दोन स्टार्टर कुणाहीसमोर उभे राहतील असे आहेत. तिसरा डावखुरा; हात चांगला, पण लहरी. चौथा चार-साडेचार इनिंग टाकतो आणि सामना बुलपेनच्या गळ्यात घालून जातो. बुलपेनमध्ये भरवशाचे दोघेच. एवढ्या पिचिंगवर वर्ल्ड सिरीजपर्यंत जाता येईल, की आम्ही उगाच आशा लावून बसलोय?"

नव्या वाचकांसाठी आधी दोन शब्द : सामना सुरू करणारा पिचर तो स्टार्टर, त्यातला सर्वोत्तम तो एक्का; त्याच्यानंतर येणारे ते रिलीव्हर, आणि त्यांचा ताफा म्हणजे बुलपेन. वाइल्ड कार्ड म्हणजे गटात पहिलं न येता मिळालेली प्लेऑफची जागा, आणि वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिका.

जाता येईल. पण तुम्ही स्टार्टरांची नावं मोजताय, आणि ऑक्टोबरमध्ये मोजायचे असतात ते आउट. सामना जिंकायचा तर सत्तावीस आउट घ्यावे लागतात, नऊ इनिंग आणि दर इनिंगला तीन. त्यातले किती तुमच्या विश्वासातल्या माणसांच्या हातून येतात आणि किती अशांच्या, ज्यांना बुलपेनचं दार उघडून धावत येताना पाहिलं की तुम्ही सोफ्यावरून उठून स्वयंपाकघरात जाता? सगळा हिशेब इथे आहे. मी अमेरिकेत शाळा-कॉलेजच्या पिचरना शिकवतो, त्यामुळे आकड्यांच्या आधी माझी नजर हाताकडे जाते. तरीही या प्रश्नाची सुरुवात वेळापत्रकापासूनच करावी लागते.

नियमित हंगामात जवळपास रोज सामना असतो, म्हणून पाच जणांची रांग लागते. प्लेऑफमध्ये मधे प्रवासाच्या सुट्ट्या येतात आणि पाचवा माणूस रांगेतून बाहेर पडतो, पुष्कळदा चौथाही. सात सामन्यांची मालिका घ्या. दोन सामने, एक सुट्टी, तीन सामने, एक सुट्टी, मग उरलेले दोन. पहिल्या दिवशी टाकलेला एक्का पाचव्या सामन्यात नेहमीच्या चार दिवसांच्या विश्रांतीनंतर परत येतो. दुसऱ्या सामन्यातला सहाव्यात येतो, तोही एक दिवस जास्त आराम करून. म्हणजे पहिला, दुसरा, पाचवा आणि सहावा असे चार सामने दोघांत भागतात, आणि मालिका जिंकायला चारच विजय लागतात. कागदावर तुमच्या संघाचं उत्तर इथेच मिळतं.

अडचण वाइल्ड कार्डची आहे. २०२२ पासून ही तीन सामन्यांची मालिका सलग तीन दिवसांत उरकतात, मधे सुट्टी नाही. मंगळवारी पहिला एक्का, बुधवारी दुसरा. जिंकलात तर शनिवारी डिव्हिजन सिरीज, म्हणजे दुसरी फेरी, सुरू होते आणि दोघांपैकी एकाचाही हात तयार नसतो. पहिला रविवारी येऊ शकतो. मग पाच सामन्यांच्या मालिकेतला पहिला सामना कोण टाकणार? तुमचा लहरी डावखुरा किंवा साडेचार इनिंगवाला. प्रत्येक लीगमधल्या वरच्या दोन संघांना ही पहिली फेरी माफ असते. ते ताजे असतात, त्यांच्या एक्क्याने आठवडाभर फक्त बुलपेनमध्ये हात मोकळा केलेला असतो. वाइल्ड कार्डमधून येणाऱ्याला विजेतेपदासाठी तेरा विजय लागतात, त्यांना अकरा. मला विचाराल तर खरी शिक्षा त्या दोन जादा विजयांची नाही, त्या शनिवारची आहे.

आता तुमच्या संघाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण : २०१९ चे वॉशिंग्टन नॅशनल्स. ते मी जरा विस्ताराने सांगतो, कारण लोकांना त्यातला शेवट आठवतो आणि मधली कसरत विसरायला होते.

२३ मे रोजी त्यांची नोंद होती १९ विजय, ३१ पराभव. तिथून चढून ते ९३ सामने जिंकले. बुलपेन मात्र भयंकर होतं. ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, ५.६६, नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन लीगांपैकी एक) सगळ्यात वाईट. भरवशाचे म्हणावेत असे दोघेच, डॅनियल हडसन आणि शॉन डूलिटल. स्टार्टरमध्ये मॅक्स शर्झर, स्टीफन स्ट्रासबर्ग, त्यांच्यामागे डावखुरा पॅट्रिक कॉर्बिन आणि चौथा अनिबल सांचेझ. ओळखीचं चित्र आहे ना? कॉर्बिन तुमच्या तिसऱ्यापेक्षा सरस होता हे खरं. त्या हंगामात त्याचा ईआरए ३.२५ होता.

वाइल्ड कार्ड तेव्हा एकाच सामन्याचं असायचं. मिल्वॉकी ब्रूअर्सविरुद्ध शर्झरने पाच इनिंग टाकल्या आणि तीन धावा दिल्या. संघ ३-१ असा मागे. इथे मॅनेजर डेव्ही मार्टिनेझने बुलपेनचा फोन उचलला तो स्ट्रासबर्गसाठी. मेजर लीगमध्ये स्ट्रासबर्ग त्याआधी कधीच रिलीव्हर म्हणून आला नव्हता. त्याने तीन इनिंग टाकल्या, धाव दिली नाही. आठव्या इनिंगमध्ये हुआन सोतोने जॉश हेडरला फटका मारला, उजव्या बाजूच्या फील्डरच्या हातून चेंडू निसटला, तीन धावा आल्या, सामना ४-३. लोक सोतोचा फटका सांगतात. मी सांगेन की त्या रात्री सत्तावीसपैकी चोवीस आउट दोन एक्क्यांनी घेतले आणि उरलेले तीन हडसनने. ज्या बुलपेनची सगळ्यांना धास्ती होती, त्यातला एकच माणूस मैदानात आला.

पुढे डिव्हिजन सिरीजमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स. दुसऱ्या सामन्यात स्ट्रासबर्गने सहा इनिंग टाकल्या आणि आठवी टाकायला शर्झर आला. तिन्ही बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद. तिसऱ्या सामन्यात हीच युक्ती अंगाशी आली. सांचेझने पाच इनिंग सुरेख टाकल्या, सहावीत कॉर्बिनला आणलं आणि त्याच्या खात्यावर सहा धावा पडल्या. १०-४ असा पराभव. स्टार्टरला मधेच आणणं म्हणजे हुकमी इलाज, असं समजणाऱ्यांनी ती इनिंग पुन्हा बघावी. स्टार्टरला सामन्याआधी अर्धा तास लागतो : ताणणं, लांब फेक, मग बुलपेनमधले मोजून चेंडू. रिलीव्हर दहा-पंधरा चेंडूंत तयार होतो. ही सवय सगळ्यांना जमत नाही, आणि कुणाला जमते ते ऑक्टोबरमध्ये शोधायला घेतलं तर उशीर झालेला असतो. कॉर्बिनला मात्र पुढे जमलं. पाचव्या, निर्णायक सामन्यात तो मधे येऊन नीट टाकून गेला, आणि दहाव्या इनिंगमध्ये हावी केंड्रिकच्या ग्रँड स्लॅमने (तिन्ही बेसवर माणसं असताना मारलेला होम रन) मालिका संपली.

मग लीग चॅम्पियनशिप सिरीज, म्हणजे लीगची अंतिम मालिका : सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्ध चार सामन्यांत चार विजय. पहिल्या सामन्यात सांचेझने आठव्या इनिंगपर्यंत एकही हिट (बॅटरला बेसवर पोचवणारा फटका) दिली नाही, दुसऱ्यात शर्झरने सातवीपर्यंत. तिसऱ्यात स्ट्रासबर्गने सात इनिंगमध्ये बारा स्ट्राइकआउट घेतले, चौथ्यात कॉर्बिनने पाच इनिंगमध्ये बारा. चार सामन्यांचे आउट होतात १०८. त्यातले ८० या चौघांनी स्टार्टर म्हणून घेतले. उरले २८, आणि तेवढेच बुलपेनच्या वाट्याला आले. वाईट बुलपेन झाकायचं कसं, याचं उत्तर एवढंच असतं. ते सुधारत नाही. त्याला कामच कमी द्यायचं.

वर्ल्ड सिरीजमध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजविरुद्ध हेच गणित ताणलं गेलं. घरच्या मैदानावर ओळीने तीन पराभव. सांचेझ हरला, कॉर्बिन हरला, आणि पाचव्या सामन्याच्या दिवशी शर्झरची मान अशी धरली की जो रॉसला उभं करावं लागलं. तोही हरला. सहाव्यात स्ट्रासबर्गने पहिल्याच इनिंगमध्ये दोन धावा दिल्या. पिचिंग कोच पॉल मेनहार्टने त्याला सांगितलं की तू चेंडू पकडताना ग्लोव्हवरून कळतंय काय येणार आहे ते. स्ट्रासबर्गने मग दर चेंडूआधी ग्लोव्ह हलवायला सुरुवात केली आणि नवव्या इनिंगपर्यंत एकही धाव दिली नाही. आठ आणि एक-तृतीयांश इनिंग! पिचर शिकवणाऱ्या माणसाला अख्ख्या मालिकेतला हा भाग सगळ्यात गोड वाटतो. वेग वाढला नव्हता की नवा चेंडू शिकला नव्हता.

सातव्यात शर्झर मानेत इंजेक्शन घेऊन उतरला. त्याला एकही इनिंग सरळ गेली नाही, बेसवर सतत माणसं, पण पाच इनिंगमध्ये दोनच धावा. मग कॉर्बिन, तीन इनिंग. मग हडसन. तिघांत सत्तावीस आउट. समोर अ‍ॅस्ट्रोजनी सुंदर टाकणाऱ्या झॅक ग्रेन्कीला ऐंशी चेंडूंवर काढलं, त्यानंतरच्या पिचरला केंड्रिकने उजव्या फाउल पोलवर होम रन मारला, आणि गेरिट कोल बुलपेनमध्येच राहिला. त्यावर ह्यूस्टनमध्ये आजही वाद होतात.

आता हिशेब. नॅशनल्स त्या ऑक्टोबरमध्ये सतरा सामने खेळले, बारा जिंकले. शर्झर आणि स्ट्रासबर्ग यांनी पाच-पाच सामने सुरू केले आणि ते दहाही संघाने जिंकले. बाकीच्यांनी सुरू केलेल्या सातांतले दोनच. तुमच्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर देणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. स्ट्रासबर्ग एकाच प्लेऑफमध्ये ५-० (पाच विजय, शून्य पराभव) अशी नोंद करणारा पहिला पिचर ठरला आणि वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडूही.

किंमतही सांगतो. नियमित हंगामात त्याने २०९ इनिंग टाकल्या होत्या, त्यावर ऑक्टोबरमधल्या ३६ आणि एक-तृतीयांश. त्या डिसेंबरमध्ये त्याला सात वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाला. पुढच्या तीन हंगामांत मिळून तो आठ सामने सुरू करू शकला, आणि मग निवृत्त झाला. एका ऑक्टोबरने हात संपवला असं मी म्हणणार नाही; त्याच्या हाताचा इतिहास जुना होता. पण एक्क्यांवर चालणारा संघ पुढच्या वर्षांचं काहीतरी मोडून खातो, हे मॅनेजरलाही ठाऊक असतं आणि पिचरलाही. वर्ल्ड सिरीजच्या अंगठीसमोर दोघंही ते मान्य करतात.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या लोकांना इथे एक गोष्ट चटकन कळत नाही. टी-२० मध्ये गोलंदाजाला चार षटकांची मर्यादा नियमाने असते आणि कर्णधार ती हवी तशी तुकड्यांत वापरतो. बेसबॉलमध्ये पिचरला चेंडूंची मर्यादाच नाही. पण एकदा काढला की त्या सामन्यात तो माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) परत येत नाही. त्यामुळे ‘जरा थांबवू, नंतर पुन्हा आणू’ हा पर्याय मॅनेजरकडे नसतो.

दोन एक्के असले की झालं, असं वाटायला लागलं असेल तर अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्सची सलग दोन वर्षं शेजारी ठेवा. २००१ मध्ये रँडी जॉन्सन आणि कर्ट शिलिंग. प्लेऑफमधल्या अकरा विजयांपैकी नऊ या दोघांच्या नावावर. वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजविरुद्ध शिलिंगने पहिला, चौथा आणि सातवा असे तीन सामने सुरू केले, त्यातले दोन फक्त तीन दिवसांच्या विश्रांतीवर. जॉन्सनने सहावा सामना जिंकला आणि दुसऱ्याच रात्री सातव्यात रिलीव्हर म्हणून येऊन तोही. क्लोजरने, म्हणजे शेवटची इनिंग टाकणाऱ्या रिलीव्हरने, चौथ्या आणि पाचव्या सामन्यात नवव्या इनिंगमधली आघाडी घालवली होती, तरी संघ तरला. २००२ मध्ये तेच दोघे, आणि आकडे आदल्या वर्षापेक्षा भारी : जॉन्सन २४-५, शिलिंग २३-७. डिव्हिजन सिरीजमध्ये कार्डिनल्सनी त्यांना तीन सामन्यांत गुंडाळलं. पहिला जॉन्सनचा, १२-२. दुसरा शिलिंगचा, त्याने काहीच वाईट केलं नाही, तरी २-१.

फिलाडेल्फिया फिलीज, २०११ : हॅलडे, ली, हॅमल्स, ऑस्वाल्ट. १०२ विजय. पहिल्याच मालिकेत बाहेर, शेवटचा सामना ०-१. हॅलडेने एक धाव दिली आणि समोर ख्रिस कार्पेंटरने एकही दिली नाही. यावर काय विश्लेषण करणार? धावाच न करणाऱ्या संघाला स्टार्टर जिंकून देऊ शकत नाही, बस.

एकच एक्का असेल तर काय होतं ते डेट्रॉइट टायगर्सच्या लोकांना विचारा. २०२५ च्या डिव्हिजन सिरीजमध्ये सिअ‍ॅटल मरिनर्सविरुद्ध टारिक स्कूबलने दोन सामने सुरू केले. पाचव्यात त्याने सहा इनिंगमध्ये तेरा स्ट्राइकआउट घेतले, दोन हिट, एक धाव. दोन्ही सामने टायगर्स २-३ असे हरले, पाचवा तर पंधरा इनिंगपर्यंत ताणून. स्कूबल गेल्यावर त्या रात्री अजून नऊ इनिंग उरल्या होत्या!

आता तुमच्या तिसऱ्या-चौथ्या स्टार्टरकडे येऊ, कारण घोळ तिथे आहे. आजचा स्टार्टर सरासरी पाच इनिंगच्या थोडा पुढे जातो. कारण आळस नाही. बॅटर तोच पिचर एका सामन्यात तिसऱ्यांदा बघतो तेव्हा तो जास्त चांगलं मारतो, हे आता प्रत्येक संघाच्या कचेरीत गृहीत धरलेलं आहे. पहिल्यांदा बॅटर फास्टबॉलचा वेग ओळखतो, दुसऱ्यांदा स्लायडर कुठून वळतो ते, तिसऱ्यांदा त्याच्यासाठी फारसं काही नवं उरत नाही. पिचरकडे तिसरा चांगला चेंडू असेल, चेंजअप किंवा स्प्लिटर, तर तो लपंडाव आणखी थोडा चालतो. नसेल तर अठरा बॅटरांनंतर मॅनेजर घड्याळ बघायला लागतो.

पण हा नियम डोळे झाकून लावला की काय होतं, ते २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात सगळ्यांनी पाहिलं. टॅम्पा बे रेजचा ब्लेक स्नेल : पाच आणि एक-तृतीयांश इनिंग, दोन हिट, नऊ स्ट्राइकआउट, ७३ चेंडू. डॉजर्सचे वरचे बॅटर तिसऱ्यांदा येणार होते. मॅनेजर केव्हिन कॅशने त्याला काढलं. पुढचा बॅटर मूकी बेट्स त्या रात्री स्नेलसमोर दोनदा स्ट्राइकआउट झाला होता. स्नेलच्या जागी आलेला निक अँडरसन त्या ऑक्टोबरमध्ये आधीच दमलेला, सामन्यामागून सामन्यात धावा देत आलेला. बेट्सने आल्या आल्या डबल (दोन बेसचा फटका) मारला, आघाडी गेली, १-३ असा पराभव. माझं मत स्पष्ट आहे : नियम बरोबर होता, तुलना चुकली. तिसऱ्यांदा येणाऱ्या बॅटरसमोरचा स्नेल, दमलेल्या अँडरसनपेक्षा तरीही बरा होता. मॅनेजरने विचारायचं असतं की याच्या जागी येणारा कोण आहे आणि काल-परवा त्याने किती टाकलंय.

तोच स्नेल पाच वर्षांनी डॉजर्सच्या कपड्यांत काय करून गेला बघा. २०२५ च्या लीग चॅम्पियनशिप सिरीजच्या पहिल्या सामन्यात ब्रूअर्सविरुद्ध आठ इनिंग, एक हिट, दहा स्ट्राइकआउट. फक्त चोवीस बॅटर आले, म्हणजे कमीत कमी शक्य तितके. मग उरले तीन आउट. ते घेताना बुलपेनने एक धाव दिली, बेस भरवले आणि सामना जेमतेम २-१ असा सुटला. दुसऱ्या दिवशी योशिनोबू यामामोतोने बुलपेनचा प्रश्नच येऊ दिला नाही. नऊच्या नऊ इनिंग स्वतः, १११ चेंडू. चार सामन्यांच्या त्या मालिकेत स्नेल, यामामोतो, ग्लास्नो आणि ओहतानी यांनी २८ आणि दोन-तृतीयांश इनिंगमध्ये दोन धावा दिल्या. हा संघही ९३ सामने जिंकून, वाइल्ड कार्ड मालिका खेळून आला होता, आणि त्याच्या बुलपेनचीही हंगामभर टवाळी झाली होती. वर्ल्ड सिरीजमध्ये टोरंटो ब्लू जेजविरुद्ध यामामोतोने दुसरा सामना पूर्ण टाकला, सहाव्यात ९६ चेंडू टाकले, आणि दुसऱ्याच रात्री अकरा इनिंग चाललेल्या सातव्यात येऊन शेवटचे आठ आउट घेतले. त्या सातव्या सामन्यात चौघेही स्टार्टर माउंडवर येऊन गेले. म्हणजे २०१९ चीच रीत, जास्त पैशांची.

उलट बाजूही आहे, ती लपवणार नाही. याच डॉजर्सकडे २०२४ मध्ये ऑक्टोबरला धड तीन स्टार्टर उरले होते : यामामोतो, फ्लॅहर्टी, ब्यूलर. ग्लास्नो, कर्शॉ, स्टोन, गोन्सोलिन सगळे जायबंदी, ओहतानी फक्त बॅट धरून. पाद्रेजविरुद्ध मालिकेत १-२ असे मागे असताना त्यांनी चौथा सामना आठ पिचर वापरून ८-० असा जिंकला. म्हणून स्टार्टरशिवायही वर्ल्ड सिरीज जिंकता येते, त्यांनी जिंकली. पण त्यांच्याकडे पहिल्या फेरीची सुट्टी होती, सात-आठ ताजे रिलीव्हर होते आणि बॅटिंग अशी की पाच धावांची तूट पाहून कुणी घाबरत नव्हतं. तुमच्याकडे भरवशाचे दोनच रिलीव्हर आहेत. तो रस्ता तुमच्यासाठी बंद आहे.

मग सप्टेंबरमध्ये काय बघायचं? ईआरए बघू नका, निदान तो पहिला बघू नका. त्यात फील्डरांची कर्तबगारी मिसळलेली असते, आणि मे महिन्यातली एक वाईट रात्र सप्टेंबरपर्यंत आकडा फुगवून ठेवते. मी शंभर बॅटरांमागे स्ट्राइकआउट किती आणि वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळणारा बेस) किती, हा फरक बघतो, तोही शेवटच्या पाच-सहा सामन्यांचा. त्याहून महत्त्वाचा फास्टबॉलचा वेग. एप्रिलमध्ये ताशी ९६ मैल टाकणारा सप्टेंबरमध्ये ९४ वर आला असेल तर सामने जिंकत असला तरी मला काळजी वाटते. आणि वेग पहिल्या इनिंगमधला नको, पाचवीतला बघा. पहिल्या इनिंगमध्ये उसना जोर सगळेच आणतात.

वेग टिकून आहे पण चेंडू वर राहतोय, उजव्या बॅटरला आत टाकायचा तो मधोमध जातोय, असं दिसलं तर समजा पाय दमलेत. पिचरचा दम खांद्याआधी पायांत जातो. पुढचा पाय टेकताना गुडघा ढिला पडतो, चेंडू हातातून जरा लवकर सुटतो आणि उंच जातो. टीव्हीवर हे दिसतं, फक्त चेंडूमागे न धावता पिचरकडे बघायची सवय लावावी लागते. दोन चेंडूंमधला वेळ वाढतोय का, कॅचर वारंवार माउंडवर जातोय का, तेही बघा. पिच क्लॉक (दोन चेंडूंमधला वेळ मोजणारं घड्याळ) आल्यापासून दमलेल्या पिचरला रेंगाळायलाही फारसं मिळत नाही, त्यामुळे थकवा आता पूर्वीपेक्षा लवकर उघडा पडतो.

आणि पहिला चेंडू. पहिला चेंडू स्ट्राइक टाकणारा चौथा स्टार्टर मला ९८ मैल टाकून दर इनिंगला दोन वॉक देणाऱ्या तिसऱ्यापेक्षा केव्हाही प्यारा. ऑक्टोबरमधले बॅटर वाईट चेंडूंच्या मागे कमी जातात. जुलैमध्ये तळाच्या संघांनी ज्या स्लायडरवर बॅट फिरवली तो इथे सोडून देतात. लहरी पिचरची लहर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या उतावळेपणावर चालत असते.

तुमच्या डावखुऱ्याचं म्हणूनच मी एवढंच सांगेन की त्याला ‘तिसरा स्टार्टर’ या खुर्चीत बसवू नका. पाचव्या-सहाव्या इनिंगमध्ये समोरच्या लाइनअपमध्ये दोन-तीन डावखुरे बॅटर ओळीने येतात, तिथे त्याचे सहा आउट सोन्यासारखे असतात. नऊ बॅटर एकेकदाच बघायचे असतील तर लहरी माणूसही बरा वाटतो, कारण दुसऱ्यांदा त्याला कुणी बघतच नाही. चौथ्याकडून साडेचार इनिंगची अपेक्षा धरू नका. नऊ बॅटर, फार तर बारा. दोघं मिळून एक स्टार्टर होतात. तुमच्या मॅनेजरला हे सुचतंय का ते सप्टेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत कळेल. त्याने डावखुऱ्याला एकदा तरी बुलपेनमधून आणून पाहिलं तर समजा तयारी चालू आहे. कॉर्बिनची ती सहावी इनिंग लक्षात ठेवा. पहिला प्रयोग प्लेऑफमध्ये करायचा नसतो.

राहिला शेवटचा शनिवार-रविवार. वाइल्ड कार्डची जागा तोवर पक्की झाली असेल तर दोन्ही एक्के बसवून ठेवता येतात, आणि मग मंगळवार-बुधवार तुमचे आहेत. मी कुणाहीविरुद्ध तुमच्या बाजूने पैज घेईन. पण जागेसाठी रविवारपर्यंत झगडावं लागलं आणि एक्का त्या दिवशी खर्ची पडला, तर तो पुन्हा उभा राहील शुक्रवारी, आणि वाइल्ड कार्ड मालिका गुरुवारी संपते. तेव्हा सप्टेंबरच्या मधल्या पंधरवड्यात तळाच्या संघांविरुद्धचे जे सामने तुम्ही कंटाळून बंद करता, ते बघा. शेवटचा रविवार मोकळा मिळणार की नाही ते तिथे ठरतं.